जाकिटातल्या दोन बॅटऱ्या

१२ ऑक्टोबर, शनिवार
हॉस्पिटलने दिलेली पिशवी आज उघडली. सात महिने कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. घड्याळ, चष्मा, पाकीट, ते निळं जाकीट. जाकिटाच्या खिशात प्लास्टिकची छोटी डबी, आत दोन कोऱ्या बॅटऱ्या. नेहमीच्या सेलपेक्षा जाड, लांब. टॉर्चमध्ये बसेनात, रिमोटमध्येही नाहीत. मंदारला कशाला लागत होत्या?
आणि परत तेच. मंगळवारी सकाळी अकराला, ऑफिस आमच्या बॉथेल गावाच्या एका टोकाला, आणि हा दुसऱ्या टोकाच्या प्लाझातल्या पार्किंगमध्ये कोसळलेला. का गेला होता तिथे? नवरा गेला हे लोकांना सांगता येतं. हे कोणाला सांगू.

१५ ऑक्टो., मंगळवार
दुपारी त्या प्लाझात गेले. पहिल्यांदाच. लाँड्री, नखांचं दुकान, व्हिएतनामी सूपवाला, त्याला लागून व्हेपचं, म्हणजे बॅटरीवरच्या सिगरेटींचं दुकान. पाटी वाचली आणि पर्समधली डबी एकदम कळली.
आत पांढऱ्या केसांची बाई. डबी पाहिली, मग मला. "ब्लू जॅकेट?"
मी स्टुलावर बसले.
तिला सगळं आठवतंय, कारण तो बाहेर पडला आणि पाच मिनिटांत सायरन. म्हणाली, निवडायला वीस मिनिटं लावली. मोठ्ठे आकडे छापलेल्या नको म्हणाला, ते आकडे फुगवलेले असतात. किती अँपिअर सलग देते, तापते का, वेष्टन जाड आहे का. दोन्ही एकाच जोडीतल्या घेतल्या. डबी मागून घेतली, खिशात किल्ल्यांना लागून शॉर्ट व्हायला नको म्हणून. "सेफेस्ट वाल्या द्या, घरात मुलगी आहे."
मंदारच. फ्रिज घ्यायला तीन वीकेंड घालवणारा.
जुन्यांचं काय झालं, तिने विचारलं होतं. घरातच कुठेतरी आहेत, सापडत नाहीत म्हणाला.
सिगरेट सोडून दहा वर्षं झाली होती. गाडीत गोड पानासारखा वास यायचा. "माउथ फ्रेशनर गं." मी पुढे विचारलं नाही. मला माहीत होतं का? थोडं...

१९ ऑक्टो., शनि.
गराजमध्ये त्याच्या बॅडमिंटनच्या बॅगेत, मोज्यांखाली, ते व्हेपचं यंत्र. बॅटऱ्यांची जागा रिकामी. मागे वळले तर इरा.
"ओह. यू फाउंड इट."
वर गेली, खाली आली. मुठीत दोन जुन्या बॅटऱ्या. एकीचं वेष्टन फाटलेलं, आतला पत्रा उघडा. तिनेच काढून ठेवल्या होत्या, मंदार गेला त्याच्या आधीच्या रविवारी, तो अंघोळीला गेल्यावर.
"रॅपर फाटलं होतं, आई. आय लुक्ड इट अप. खिशात पेटली असती. अँड आय वॉन्टेड हिम टु स्टॉप." मग खाली बघत, "मला वाटलं, नवीन आणायचा कंटाळा करेल तो."
सोळा वर्षांची आहे.
"त्याने नव्हत्या ना आणल्या?"
"नाही," मी म्हटलं.
"मग तिथे का गेला होता?"
"सूप घ्यायला गं. घसा धरला होता ना त्याचा."
घसाबिसा काही धरला नव्हता. इरा खूप रडली. मग जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला, कित्येक महिन्यांनी.

२० ऑक्टो., रवि.
जुन्या बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावली, रिसायकलिंगला देऊन आले. नव्या परत जाकिटात. बाई म्हणाली होती, कारखान्यातून येतानाच अर्ध्या चार्ज केलेल्या असतात, तशाच वर्षानुवर्षं राहतात.
इराने काढल्या नसत्या तर. नको. हे लिहायचं नाही.
डॉक्टर म्हणाले होते, हार्ट अटॅक कुठेही आला असता. ऑफिसात, गाडी चालवताना, घरी. हे इराला सांगायला हवं. पण हे सांगायचं तर तो तिथे कशाला गेला होता ते आधी सांगावं लागेल.

२३ ऑक्टो., बुध.
शाळेतून आल्या आल्या, बॅगही न उतरवता: "आई, शनिवारी त्या सूपच्या प्लेसला जाऊ या? बाबाला जे हवं होतं ते खाऊ. अकरा वाजता, त्याच्यासारखंच." आणि हसली. बाबा म्हणताना हसली.
"जाऊ या," म्हटलं.
शेजारच्या व्हेपच्या दुकानाला दर्शनी बाजूला सगळी काच आहे. ती बाई मला ओळखणार. हात करणार.