वैशाखात झालेलं पौषातलं लग्न

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९६१

चि. दत्तोपंत यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू चहा न घेता गेलास आणि छत्री विसरून गेलास. छत्री मी ठेवली आहे. तुझी मुलगीही मीच ठेवली आहे, कारण जाताना तू तिच्याकडे छत्रीइतकंही पाहिलं नाहीस. या पोरीला माझ्याकडे ठेवून कॉलेजात घालायचं म्हणून तू साऱ्या तुळजापूरशी भांडलास. आणि तिला तिसरा महिना आहे हे ऐकल्यावर एवढंच म्हणालास, की आता हिनं माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. ते तू जिन्यावर म्हणालास आणि खाली भाडेकरूंची बाई धुणं वाळत घालत होती. पुढच्या वेळी संताप माडीवरच आटपून मग जिना उतर.

पोटभर रडून झाल्यावर चारूनं मुलाचं नाव सांगितलं. अंबादास, तिच्याच वर्गातला, मुरुमच्या विष्णुपंत मास्तरांचा मुलगा. तो येऊन भेटून गेला. उंच आहे, घाबरट आहे आणि भला आहे. लग्नाला तयार आहे. आपल्यातलाच आहे, गोत्रही वेगळं आहे. म्हणजे अडचण लग्नाची नाहीच, महिन्यांची आहे. उद्या लग्न लावलं तरी तुझ्या आळीतल्या बायका बोटं मोजून हिशेब करणारच.

तेव्हा माझं ऐक. लग्न झालेलं आहे. गेल्या वैशाखात झालं. तू आणि वहिनी तेव्हा माझ्याकडे मुक्कामाला होतात, हे गावाला ठाऊक आहे. येडशीच्या रामलिंगाला नवसाचं लग्न, जंगलातलं देऊळ, घरची चार माणसं आणि बाकी माकडं. माकडांना कोणी साक्षीला बोलावत नाही. मुलांचं शिक्षण व्हावं म्हणून गाजावाजा केला नाही, असं सांगायचं. तू फक्त एकाच माणसाला सांग आणि कोणाला सांगू नका असं बजाव. पुढचं गाव बघून घेईल.

वहिनीला सांग, पोर जेवते आहे. झोपेत आईला हाका मारते, ते मात्र सांगू नकोस.

कळावे. तुझ्यावर माझा लोभ आहेच, त्यातला थोडा तू पोरीला दे.

तुझी,
अक्का

*

॥ श्री भवानी प्रसन्न ॥

तुळजापूर,
ता. ३० ऑक्टोबर १९६१

ती. स्व. अक्का यांस दत्तोपंताचे शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. मजकूर वाचून मस्तक फिरलं. निजामाच्या अमदानीत आणि तिच्यानंतरही मी तहसील कचेरीत हयात घालवली, पण कागदावर खोटी तारीख कधी पडू दिली नाही. सबब आपली सूचना मला साफ नामंजूर आहे.

तथापि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हणमंतप्पा दुकानदारानं, मुलीचं कुठं जमतंय का, असं विचारलं आणि माझ्या तोंडून वैशाख निघून गेला. कोणाला सांगू नका असं मी निक्षून बजावलं. त्यामुळे दिवेलागणीच्या आत ती बातमी देवीच्या महाद्वारापर्यंत पोचली.

मला वाटलं होतं लोक शंका घेतील. अक्का, शंका एकानंही घेतली नाही. लोक रुसले. शेजारचे महांतप्पा माझ्याशी बोलेनात, आम्हाला लग्नाला बोलावलं नाही म्हणून. तेव्हा मी सांगितलं, की पत्रिका टाकल्या होत्या, टपालात गहाळ झाल्या. इथं माझं चुकलं. कारण त्यावर भाजीवाल्या हरणाबाई भर चौकात म्हणाल्या, की पत्रिका कशाला पायजे, म्या व्हते की लगनाला, येडशीला लेकीकडं गेल्ते तशीच रामलिंगाला गेले, बुंदी लई ग्वाड झाल्ती. हरणाबाई होत्या म्हटल्यावर बब्रुवान टांगेवाला मागं कसा राहील? त्यानं स्टेशनावरून वऱ्हाड आणलं होतं. आणि मंगलाष्टकं चालू असताना माकडानं नवरदेवाच्या मुंडावळ्या ओढून नेल्या, हे आता इतक्या जणांनी पाहिलं आहे, की मलाही अंधुक आठवू लागलं आहे. बुंदीबद्दल मात्र सर्वांचं एकमत आहे, ही समाधानाची गोष्ट.

सौ. दुपारभर काहीतरी शिवत असते. काय म्हणून विचारलं, तर म्हणाली बाळकृष्णाला कुंची. आपल्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण अंगठ्याएवढा आहे.

चारुशीलेबाबत माझा निर्णय कायम आहे. तिचं लग्न झालं याचा आनंद आहे, पण ती इथं येणार नाही.

छत्री कोणाबरोबर तरी पाठवावी. लोभ वाढवावा, सूचना पाठवू नयेत.

आपला,
दत्तोपंत

*

॥ श्री ॥

मुरुम,
ता. २६ नोव्हेंबर १९६१

रा. रा. दत्तोपंत यांस विष्णुपंत मास्तरांचे सा. न. वि. वि.

आपली समक्ष भेट नाही. तरी वैशाखापासून आपण व्याही आहोत, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

आपल्या भगिनी इथं येऊन सर्व सांगून गेल्या. चि. अंबादासबद्दल ऐकून माझा विश्वास बसेना. हा मुलगा प्रयोगशाळेत बेडूक कापताना चक्कर येऊन पडतो. मी ते आपल्या भगिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, की बेडकाचा इथं काही संबंध नाही. असो. मुलगी चांगली आहे, आम्हाला पसंत आहे. लग्न झालेलं नाही हे मी जाणतो. पण आता झालंच आहे, तर ते असं का व्हावं?

आमचे मेहुणे गुंडोपंत नळदुर्गच्या बाजारात गेले होते. तिथं त्यांच्या कानावर आलं, की लग्नाच्या पंगतीत त्यांना शेवटी, चुलीच्या धुराकडं बसवलं होतं. ते तेव्हापासून रुसले आहेत. मी त्यांना समजावलं, की तुम्ही तिथं नव्हता आणि पंगतही नव्हती. ते म्हणाले, झाली असती तर मला तिथंच बसवलं असतं, सोयऱ्यांची नियत कळली.

दुसरी गोष्ट कानपिळीची. आपल्या भाच्यानं, चि. श्रीपादनं, नवरदेवाचा कान फार जोरात पिळला असं आमच्या मातोश्रींनी ऐकलं. दिवाळीला अंबादास आला, तेव्हा त्यांनी त्याच्या कानाला रोज गरम हळदीचा लेप दिला. पोळून तो कान आता खरोखर सुजला आहे.

हे सर्व मी पोटात घालीन. पण एक गोष्ट घालणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. बापानं मुलीला घरी नेलं नाही, तर ते लग्न मुरुमात कोणी खरं मानणार नाही, आणि मग त्या लेकराकडं लोक कोणत्या नजरेनं पाहतील? तेव्हा सूनबाईंना आपण घेऊन जावं. गुंडोपंतांची माफी मागावी, म्हणजे ते जेवतील.

आपला लोभ अजून जडलेला नाही, तो जडावा ही विनंती.

आपला,
विष्णुपंत

*

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. १२ जानेवारी १९६२

ती. भाऊ यांस लेक चारूचा शि. सा. नमस्कार.

माझी आधीची पत्रं तुम्ही न फोडताच फडताळात टाकलीत, असं आईनं कळवलं. हे फोडाल, कारण पाकिटावर आत्यांकडून पत्ता लिहून घेतला आहे.

माझ्या लग्नाची हकिकत मी जो भेटेल त्याच्याकडून ऐकते. सगळे हजर होते, मीच तेवढी नव्हते. तेव्हा तुम्हालाच विचारते, मी शालू कोणता नेसले होते? इथं दोन तट पडले आहेत. तुळजापूरहून येणारे हिरवा म्हणतात आणि मुरुमचे अंजिरी. अंजिरी असला तर बरं. हिरव्यात मी काळी दिसते.

या सगळ्या गडबडीत आमचं लग्न लावायचं राहूनच गेलं आहे. मी आणि अंबादास आत्यांच्या वामनभटजींकडे गेलो होतो. ते म्हणाले, झालेलं लग्न पुन्हा लावायला शास्त्राचा आधार नाही. आम्ही झालं नाही म्हणून सांगू लागलो, तर त्यांनी आम्हालाच माकडाची गोष्ट ऐकवली.

कॉलेज सध्या सुटलं. पुढच्या वर्षी परीक्षेला बसेन म्हणते. आत्या मला काही कमी पडू देत नाहीत. पण आता पोटात हालचाल जाणवते, आणि मला भीती वाटते, भाऊ. मला माझ्या घरी यायचं आहे. माझी चूक मी तुमच्यासमोर उभं राहून कबूल करीन, तुम्ही वाटेल तेवढं बोला. पण आईजवळ असू द्या.

आणखी एकच विचारते. मुलीच्या पाठवणीला बाप रडतो म्हणतात. तुम्ही रडला होतात का? मला कोणी नीट सांगत नाही.

तुमचा लोभ होता तसा आहे असं धरून चालते.

तुमची,
चारू
(मागं सौ. लावावं की कु., ते कळवावं.)

*

॥ श्री भवानी प्रसन्न ॥

तुळजापूर,
ता. २८ जानेवारी १९६२

ती. स्व. अक्का यांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपला पाय मुरगळल्याचं कळलं. हळद-गूळ लावून बसून राहावं.

चारुशीलेला पत्र लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिला एवढंच वाचून दाखवावं, की शालू अंजिरी होता.

इथं अष्टग्रहीनं कहर केला आहे. आठ ग्रह एका राशीला येणार, येत्या अमावास्येला जग बुडणार, म्हणून जिकडंतिकडं यज्ञ चालू आहेत. महांतप्पांनी तर वर्षाची लोणच्याची बरणी काढली आणि मागं उरवायचं कोणासाठी म्हणत संपवत आणली. आता पोट धरून बसले आहेत. माझा यावर बिलकुल विश्वास नाही. तरी आपलं मनात येतं, की जग बुडणारच असेल तर आपली माणसं आपापल्या घरी असावीत.

काल हरणाबाईंनी मला चौकात अडवलं. म्हणाल्या, लगीन येवढं झोकात केलंसा आन लेकीला पैल्या बाळंतपणाला आणत न्हाईसा, कसलं बाप हो तुमी? हेही मी ऐकून घेतलं असतं. पण पुढं म्हणाल्या, की पाठवणीला समदी रडली, ह्यांच्या डोळ्याला टिपूस न्हाई, म्या सोता बघितलं. अक्का, माझा तोल गेला. मी ओरडून सांगितलं, की हे साफ खोटं आहे, मी रडलो होतो. त्या म्हणाल्या, न्हाई. मी म्हणालो, रडलो होतो. माणसं जमली. सगळ्यांनी हरणाबाईंचा पक्ष घेतला. आता जी पाठवणी झालीच नाही तिच्यावरून गाव मला दगड म्हणतं, आणि मला जेवण जात नाही.

तेव्हा बेत असा. रविवारी, ता. ४ ला, सारं गाव यज्ञाला असेल. रामलिंगाकडं त्या दिवशी कोणी फिरकणार नाही. श्रीपादबरोबर तिला बार्शीच्या गाडीनं येडशीला पाठवावं. मुरुमकरांनाही कळवलं आहे. आमचे गुरुजी हात जोडत होते, की पौष महिना, अमावास्या तोंडावर, त्यात अष्टग्रही, यापेक्षा वाईट दिवस शोधूनही सापडायचा नाही. मी त्यांना समजावलं, की मुहूर्त वैशाखातला आहे, आता फक्त विधी उरकायचे. हुकूम आधी निघतो, सही मागाहून होते. कचेरीत हे चालतं. त्यांना पटलं.

विधी झाल्यावर तिला कुठं न्यायचं ते तिथं पाहू. मी काही कबूल केलेलं नाही. सौ. नं मागची खोली सारवून घेतली आहे. उंदीर झाले होते, असं म्हणाली.

लोभ असावा. जग राहिलं तर पुन्हा लिहीन.

आपला,
दत्तोपंत

*

॥ श्री ॥

तुळजापूर,
ता. ७ फेब्रुवारी १९६२

ती. स्व. आत्या यांस चारूचा शि. सा. नमस्कार.

वरचं गाव वाचलंत ना? तुळजापूर. आता सावकाश वाचा.

येडशीला उतरलो तेव्हा स्टेशनावर भाऊ उभे होते. माझ्याकडं न बघता त्यांनी श्रीपाददादाला विचारलं, की तिला पायरी चढवते का. देवळात मुरुमची मंडळी आधीच येऊन बसली होती. गुंडोपंत आल्या आल्या रुसले. काही घडायच्या आत कशाला, असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाले, मागच्या वेळचं अजून उरलंय. भाऊंनी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते उठून पुढं बसले. कानपिळीला अंबादासनं दोन्ही कान झाकून घेतले, आणि दादानं नुसतं लांबून बोट दाखवलं.

आईनं अंजिरी शालू आणला होता. भाऊंनीच सोलापूरच्या पेठेतून आणवला म्हणाली.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि भाऊंची चलबिचल झाली. माकडं झाडावर गप्प बसून होती. एकही खाली येईना. भाऊंनी हळूच खिशातून केळं काढलं आणि अंबादासच्या मुंडावळ्यांपाशी धरलं. गुरुजी थांबले. भाऊ म्हणाले, थांबू नका, हे व्हायला हवं, साऱ्या गावानं पाहिलं आहे. शेवटी एक म्हातारं माकड उतरलं, मुंडावळ्यांकडं ढुंकून न बघता भाऊंची टोपी घेऊन वर गेलं. केळंही घेतलं नाही. मास्तर इतके हसले, की अक्षता त्यांच्या घशात गेल्या.

लग्न लागलं आणि सगळे घुटमळले. मास्तरांचा टेंपो मुरुमच्या वाटेला तोंड करून उभा होता. पाठवणी म्हणावी तर मी सासरी जाणार की कुठं, ते ठरलेलंच नव्हतं. मी कुणाकडं बघू कळेना, म्हणून जमिनीकडं बघत राहिले. तेव्हा भाऊ बोडक्या डोक्यानं पुढं आले आणि मास्तरांना म्हणाले, की वैशाखात तुमच्या स्वाधीन केली होती, आता पहिल्या बाळंतपणाला नेतो. त्यांनी माझं गाठोडं उचललं. चार पावलं टाकली आणि गाठोडं पोटाशी धरून, देवळाच्या पायरीवर बसून, लहान मुलासारखे रडले. आत्या, मुलगी सासरी जाताना बाप रडतो हे ऐकलं होतं. भाऊ मुलगी माहेरी येताना रडले.

आम्ही आलो तेव्हा जग बुडालेलं नव्हतं आणि सगळी आळी ते बघायला ओट्यावर जमली होती. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. भाऊ माझा हात धरून उंबऱ्याच्या आत गेले, तरी त्यांचे डोळे लालच होते. महांतप्पांनी काय झालं म्हणून विचारलं, तर यज्ञाचा धूर म्हणाले. तेवढ्यात गर्दीतून हरणाबाई पुढं आल्या, त्यांनी भाऊंचं तोंड निरखलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की लगनात बी दत्तोपंत असंच रडलं हुतं, म्या सोता बघितलं.

गेल्या दसऱ्यापासून त्या बोलत आल्या त्यातलं हे एकच खरं होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊंनी त्यांना आत बोलावून चहा दिला.

तुमच्या पायाला आराम पडो. लोभ आहे तसाच राहू द्या, तो मला फार उपयोगी पडला.

तुमची,
सौ. चारू