सराव परीक्षेतला अडलेला प्रश्न

तीर्थरूप बाबांना,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा काय म्हणतो?

एचआरची परीक्षा परवावर आलीय. सरावात बाकी सगळं जमतं, पण नोकरीवरून काढण्याच्या धड्यावर गाडी अडते. पुस्तक म्हणतं, माणसाला आधी बसवावं, पाणी द्यावं, मग सांगावं. उत्तर पाठ आहे, तरी दरवेळी चुकतं. तुमची नोकरी गेली त्या दुपारी न उघडलेला डबा घेऊन दारात उभे राहिलेले तुम्हीच दिसता. पास झाले तर हे काम माझ्याच गळ्यात पडेल.

बाबा, इतक्या वर्षांत विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला बसायला तरी सांगितलं होतं का?

तुमची,
धाकटी