आवाजानंतरची हजेरी

४ फेब्रुवारी

बंदुका! बाबांच्या शोकसभेत बंदुका झाडणार म्हणे. कल्पना माजी सैनिक संघटनेच्या अध्यक्षांची, टाळी आमच्या दादाची. "शूराला शोभेल असा निरोप!" मी म्हटलं, शूराला दार आपटलेलं सोसत नव्हतं. दादाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पन्नाशी आली, तरी याला ही एकच युक्ती येते.

५ फेब्रुवारी

आमच्या घरात आवाज झाला — टायर फुटला, पातेलं पडलं, काहीही — की बाबा हातातलं टाकून भिंतीला पाठ लावत आणि हजेरी घेत.

"बाईसाहेब?" — "आहे!" आई, ओट्यापाशी.

"ढब्बू?" — दादा, बाथरूममधून, तोंडात ब्रश.

"चिमटा?" — मी. नाव त्यांनीच ठेवलेलं. आता वर्तमानपत्रातल्या सदरात लोकांना चिमटे काढूनच पोट भरते.

आणि शेवटी — "लंबू?"

लंबू आमच्या घरात कधीच नव्हता. लढाईत बाबांच्या शेजारी होता. एका स्फोटानंतर त्याने ओ दिली नाही. म्हणून त्याच्या वतीने आई द्यायची, अगदी सहज — "आहे हो, आहे. चहा गार होतोय." मग बाबा कप उचलायचे. त्यांचा हात स्थिर होईपर्यंत मी आणि दादा मुद्दाम मोठ्याने भांडायचो.

याला भित्रेपणा म्हणू? जीभ झडेल माझी. याच हातांनी त्यांनी रोज माझ्या वेण्या घातल्या. दादाची गणितंही सोडवली — चुकीची.

७ फेब्रुवारी

शोकसभेत मी हजेरीची गोष्ट सांगणार म्हणून दादाशी कडाक्याचं भांडण.

"चारचौघांत बाबांची अब्रू काढणार तू?"

"हात थरथरला म्हणून अब्रू जात नाही, ढब्बू."

"ढब्बू म्हणू नकोस."

आई मध्येच, शांतपणे — "बंदुका नकोत."

"आई, पत्रिका छापून झाल्या गं!"

वा! माणूस गेला तरी चालेल, पत्रिकेत बदल नको!

भाषण मी करणार. थांबवून दाखवा.

१० फेब्रुवारी

केलं! सगळं सांगितलं — हजेरी, लंबू, कप. बंदूकवाले मैदानात ताटकळत उभे. अध्यक्षांचा चेहरा कडक इस्त्रीचा. मी म्हटलं, "ज्या आवाजाला हा माणूस जन्मभर पुरून उरला, तो त्याच्या फोटोसमोर काढायचाच असेल, तर आधी मला हलवा." आणि फोटोसमोर जाऊन उभी राहिले. पाठ फोटोला टेकवली. वारसा!

मग पहिल्या रांगेतून अध्यक्षांच्या बायकोचा खणखणीत आवाज — "अहो, बसा आता! फुगा फुटला तरी कॉटखाली कोण शिरतं आपल्याकडे?"

आधी एक म्हातारा हसला. मग अख्खी रांग. हसता हसता दोघातिघांनी चष्मे काढून पुसले. अध्यक्षांनी मान खाली घातली आणि बंदूकवाल्यांना हातानेच 'जा' म्हटलं.

दादा परतीच्या वाटेवर दहा पावलं पुढेच चालला. जाऊ दे!

११ फेब्रुवारी

सकाळी वाऱ्याने गच्चीचं दार आपटलं. आम्ही तिघंही थिजलो. मग दादा उठला. भिंतीला पाठ लावली.

"बाईसाहेब?" — "आहे."

"ढब्बू... मीच. आहे. चिमटा?" — "आहे."

"लंबू?" — "आहे हो."

हजेरी संपली, तरी दादा भिंतीपासून हलला नाही. "बाबा?"

आईने त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला. "आहे हो, आहे. चहा गार होतोय."