उद्याची पातळी

४ ऑगस्ट, सोमवार

आले एकदाची! बसने फाट्यावर उतरवलं आणि तिथून एक ट्रंक, एक वळकटी आणि मी असे तिघं धापा टाकत धरणाच्या चौकीपर्यंत चढलो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे खिडकी आणि खिडकीत नुसतं पाणी. ताई बघायला हवी होती, म्हणाली असती, बाई, तुला नोकरी लागलीय की बक्षीस?

काम सोपं आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मोजपट्टी वाचायची, वहीत पातळी लिहायची, शेवटच्या रकान्यात शेरा द्यायचा. विशेष काही नसलं तर ‘निरंक’. मग फोनवरून कार्यालयाला कळवायचं. दरवाजांवर एक वयस्क ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. मोबाईलला इथे रेंज नाही. मामा म्हणाले की इथे माणूस आधी पाण्याशी बोलायला लागतो, मग स्वतःशी. तेव्हा त्याआधी एक रेडिओ घेऊन टाका.

६ ऑगस्ट, बुधवार

खालच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं एकच दुकान. दुकानदार एका डोळ्याला भिंग लावूनच बोलतो, त्यामुळे आपणच नादुरुस्त आहोत असं वाटतं. डोंगराच्या बेचक्यात एफएम येणार नाही, शॉर्टवेव्हच घ्या म्हणाला. आकडे दाखवणारा एक सेट होता, झोकदार, पण सेल फार खातो. मग काट्याचे दोन काढले. काळा साबणाच्या डबीएवढा, आवाज गोड, पण काट्याचा दोरा सैल. स्टेशन लावून हात काढला की काटा केसभर सरकतो. करड्याचं चाक घट्ट, एरियल लांब, आवाज मात्र सर्दी झाल्यासारखा. माझं काही ठरेना. दुकानदार म्हणाला, काळा न्या, आठवडाभर वाजवा, नाही पटला तर बदलून देतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काळ्याच्या प्रेमात पडले. दुपारी एरियल खिडकीबाहेर काढलं की कुठले कुठले देश येतात! एकीकडे बातम्या, एकीकडे व्हायोलिन. त्या दोघांच्या मध्ये, साडेबाराला, एक गंमत सापडली. एक पुरुष, दमलेला आवाज, आपल्याच भाषेत: “सकाळी आठ. पातळी बारा मीटर चाळीस. शेरा, निरंक.” एवढंच, मग खरखर. आमच्याच धरणाचे आकडे! तेही चुकीचे. सकाळी मी बारा पस्तीस कळवली होती. कार्यालयात कुणाला एवढीही अक्कल नाही का?

९ ऑगस्ट, शनिवार

आज सकाळी पातळी बारा चाळीस.

योगायोग. कार्यालयाला फोन केला. साहेब हसले, म्हणाले की आम्हाला पत्रं टाईप करायला माणसं नाहीत, रेडिओवर कोण बोलणार?

साडेबाराला पुन्हा तोच आवाज. बारा बावन्न. शेरा, जाळीला एक शेळी.

१० ऑगस्ट, रविवार

बारा बावन्न. दरवाजांपुढच्या लोखंडी जाळीला शेळी अडकली होती, गळ्यात तुटकी दोरी. मामांनी आकड्याने ओढून काढली. मी वहीत शेरा लिहिला, जाळीला एक शेळी. शब्द कालचेच.

११ ऑगस्ट, सोमवार

काळा परत केला. दुकानदाराने उघडून पाहिला, दोरा ताणला, त्याच जागी काटा नेला. नुसती खरखर. सेट हवेत असतं तेच पकडतो, स्वतःचं काही बनवत नाही, असं त्याने जरा रागावूनच सांगितलं. मी करडा घेतला. घट्ट चाकाचा, शहाणा, सर्दीवाला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

करड्यावरही तेच. तीच जागा, तीच वेळ.

मामांना बोलावून ऐकवलं. बारा नव्वद, शेरा निरंक. त्यांनी स्वतःच रेडिओ बंद केला. आजवर मला ‘अहो बाई’ म्हणत होते, आज म्हणाले, “पोरी, हा परत देऊन ये.” हा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. इथला आधीचा ऑपरेटर. बावीस वर्षांपूर्वी जाळीपाशी बुडालेला सापडला. त्याच्या जागी मामा आले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. बारा पंचवीसला हात आपोआप गेला.

तेरा मीटर दहा. शेरा, जाळीला एक इसम, वय अंदाजे साठ.

धावतच मामांकडे गेले. आजच मुलीकडे जा म्हटलं, पाण्याजवळ थांबू नका. आधी हसले. मी रडायला लागले तेव्हा चपला घातल्या. तू एकटी राहशील का, असं दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. ते वळणाआड जाईपर्यंत बघत उभी होते. गेले. सुटले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

तेरा दहा.

बस आलीच नाही. मामा फाट्यावर दोन तास बसले म्हणे. मग मी एकटी आहे म्हणून परत निघाले आणि लवकर पोचावं म्हणून पलीकडून होडी घेतली. होडी उलटली. होडीवाला पोहून निघाला, मामा नाही.

शेऱ्याच्या रकान्यात तेच शब्द लिहिले. दुसरे सुचेनात. मीच पाठवलं त्यांना. मीच.

१७ ऑगस्ट, रविवार

पोलीस येऊन गेले. मामांची मुलगी आली होती, तिने माझा हात धरून आभार मानले. कशाचे?

नवा ऑपरेटर वीस तारखेला येणार. वरच्या डोंगरात पाऊस धरलाय. पाणी गढूळ, चढतं. चौदा ऐंशी. रेडिओ ट्रंकेत, कपड्यांखाली ठेवलाय.

१८ ऑगस्ट, सोमवार

सोळा वीस. वीज गेली. साहेबांनी फोनवर सांगितलं, अठरापर्यंत भिंत धरेल. तशीच वेळ आली तर दरवाजे हाताच्या चाकाने उघडायचे. एकेका दरवाजाला तीनशे फेरे. खाली वस्ती आहे, शाळा आहे. उद्या किती होणार ते मला कळायलाच हवं. म्हणून रेडिओ काढला.

आवाज बदललाय.

मामा आहेत. तो बारीक खोकला, मग आकडा. सतरा पन्नास. निरंक.

१९ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ

सतरा पन्नास. फोन मेला. खाली चालत जायला दोन तास, तोवर पाणी —

दुपारी

सतरा ऐंशी. ऐकलं. मामा म्हणाले, सकाळी आठ, पातळी चौदा वीस. दोन्ही दरवाजे उघडे. मग खोकला. मग शेरा. एक महिला, वय अंदाजे तीस.

दरवाजे उघडणार तर. पण इथे आहे कोण? मीच —

वरची वाट कोरडी आहे. आत्ता निघाले तर वाचेन. मग चौदा वीस कशी होईल?

ताई, तुला खिडकीतलं पाणी दाखवायचं होतं. चांगलं होतं गं, पहिल्या दिवशी.

तीन वाजता

पहिला उघडला. तळहात सोलले. जाळीवर अजून लाकडी ओंडके आदळतायत. पाणी चढायचं थांबलंय, उतरत नाही. दुसरा उघडावाच लागेल. पाणी प्यायला आत आले.

रेडिओ बंद होता. मी बंद केला होता.

मामा — आकडे नाहीत. ‘पोरी’ म्हणतायत. पोरी, धरू नको — खरखर — धरू नको — काय? चाक? कठडा? पुन्हा सांगा ना —

ऐकू येत नाही. भिंत हलल्यासारखी — जाते. परत आले की लिहीन, कशाला धरायचं नव्हतं ते —