बेकरीवाल्याचा खटला आणि माझे घर

मी, खाली सही करणारी, धंद्याने फौजदारी वकील, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने लिहून ठेवते. हृदय थकले आहे असे शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. डोके ठिकाणावर असल्याचा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझे डोके फिरले आहे असे म्हणणारे घरातच आहेत.

कलम १. राहते घर, गच्चीसह, मी धाकट्या बहिणीला देते. घर आईवडिलांचे. तिने आपला हिस्सा मला सोडला तेव्हा आम्ही बोलत होतो, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाला देणे मला शोभणार नाही. तिचा नवरा बस चालवायचा. बसस्टँडवर बॉम्ब फुटला त्यात तो गेला. त्या प्रकरणात पकडलेल्या बेकरी कामगाराचे वकीलपत्र मी घेतले आणि बहिणीने माझ्याशी बोलणे टाकले. तिचा राग मला समजतो. मला तिची फार आठवण येते.

कलम २. बेकरीवाला निर्दोष आहे असे मी कधीच म्हटले नाही. मला ते माहीत नाही. मारहाण करून घेतलेला जबाब पुरावा धरू नये आणि सरकारला जे म्हणायचे ते उघड कोर्टात सिद्ध करावे, एवढेच माझे म्हणणे. विशेष कायद्याखाली तो वर्षानुवर्षे तुरुंगात आहे आणि खटला अजून उभा राहिलेला नाही. वकीलपत्र वारसाने देता येत नाही, म्हणून माझ्या ज्युनिअरला नुसती विनंती करते: त्याची एकही तारीख चुकवू नकोस. तिला माझे कपाट, फाइली आणि काळा कोट देते. बाह्या आखूड करून घ्याव्यात. ऑफिस भाड्याचे आहे. माझ्यामागे मालक तिला ठेवणार नाही आणि असल्या केसेस घेणारीला शहरात दुसरी जागा कोणी देत नाही. यावर मला काही सुचलेले नाही.

कलम ३. या आरोपीची बाजू कोणी घेऊ नये, असा वकील संघटनेने ठराव केला होता. मी घेतली, तर माझी खुर्ची बार रूममधून व्हरांड्यात आली. ती संघटनेला देते, आत ठेवावी. ठराव मांडणाऱ्या अध्यक्षांना फौजदारी कायद्याचे माझे पुस्तक, अटकेच्या प्रकरणात खूण घालून. त्यांचा जावई मोर्चात पकडला गेला तेव्हा हे गृहस्थ मागच्या दाराने माझ्याकडेच आले होते. जावई सुटला. चांगला मुलगा आहे.

कलम ४. भाच्याला स्कूटर. माझ्या दारावर ‘अतिरेक्यांची मावशी’ असे कोणीतरी रंगवले, तेव्हा अक्षर मी लगेच ओळखले. लहानपणी गिरवून मीच घेतले होते. मावशी मी त्याच्या एकट्याचीच आहे. ब्रेक तपासून घ्यावेत.

दुरुस्ती. वरचा मसुदा मी बहिणीला पाठवला होता. आज ती आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

“ताई, तुझ्या त्या पोरीला बसायला जागा नाही म्हणतेस?”

“नाही.”

“मग घर तिला दे.”

“तुला त्या माणसाचा एवढा राग, आणि...”

“राग आहेच. त्यानंच केलं असेल तर भोगू दे की. पण खटलाच चालला नाही, तर माझ्या नवऱ्याला कुणी मारलं हे मला कधी कळायचं?”

मला रडू आले. “आता रडत बसू नकोस, लिही,” ती म्हणाली.

सबब कलम १ रद्द. घर ज्युनिअरला, पुढच्या खोलीत ऑफिस चालवावे. भाचा याविरुद्ध कोर्टात जाणार हे उघड आहे, म्हणून बहीण स्वतःच साक्षीदार व्हायला तयार झाली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितले. “कळलं,” ती म्हणाली, “पेन दे.”

ठिकाण: याच घराचे स्वयंपाकघर.
तारीख: आजची, प्रत्येकाने आपापल्या सहीखाली घालावी.

मृत्युपत्र करणारी: सही.

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. सही.

साक्षीदार २: सही. ओळख तिने स्वतःच्या हाताने लिहिली आहे: ‘स्फोटात मेलेल्या ड्रायव्हरची बायको. खटल्याची वाट बघते आहे.’