आप्पे तळलेले नसतात

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मधल्या सुट्टीत, माझ्या नातीच्या डब्यातले सात आप्पे शाळेने नाकारले. वेळ मुद्दाम नोंदवते. तक्रारीत आधी तारीख आणि वेळ, मग संताप, असं सिस्टर बेनेडिक्टांनी कॉन्व्हेंटात शिकवलं होतं.

उर्वीचा डबा जसाच्या तसा घरी परत! झाकणावर लाल कार्ड – ‘तळलेला पदार्थ. कृपया पौष्टिक डबा द्यावा.’ खाली सही मृणाल टीचरची. चौथीच्या वर्गावर नवीनच आलेली मुलगी.

तळलेला! बिडाचं आप्पेपात्र, सात खळग्यांना मिळून चमचाभर तेल. गोल आणि तांबूस दिसलं की झाला बटाटेवडा!

पोर उपाशी राहिली. विचारायची गरजच नव्हती, भरलेला डबा समोर होता.

सिद्धेश ऑफिसातून आल्यावर म्हणाला, “आई, सोड ना. उद्यापासून पोळीभाजी दे तिला.” माझाच मुलगा. सोडते बरी!

बुधवार, ८ जानेवारी

पत्र झालं. इंग्रजीत, अडीच पानं. चौतीस वर्षं इस्पितळाच्या आहार विभागात काढली, ती काय पेज ढवळत?

तांदूळ तीन वाट्या, उडीदडाळ एक, मूठभर चणाडाळ, चिमूटभर मेथी. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी पडतं ते डाळीत असतं. डाळीत कमी पडतं ते तांदूळ पुरवतो. दोन्ही एकत्र भिजवून, वाटून, आंबवलं की पचायला हलकं, आणि लोहही जास्त अंगी लागतं. मैद्याच्या बिस्किटांना मात्र शाळेत हिरवं कार्ड! हेही लिहिलं.

डोंबिवलीला रंभाला फोनवर वाचून दाखवलं. धाकटी बहीण, पण जीभ माझ्याच वळणाची. “ताई, तक्रार लिहितेयस की पाठ्यपुस्तक?”

“दोन्ही.”

“मग माझा ढोकळाही घाल त्यात. तांदूळ-डाळीचाच आहे.”

घातला.

शेवटचं वाक्य – ‘माझी नात त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत उपाशी होती.’ त्याखाली दोन रेघा मारल्या.

गुरुवार, ९ जानेवारी

थंडी असूनही पीठ टम्म फुगलं. पातेल्याला जुनी शाल गुंडाळली होती. उर्वीने डब्यात पोळी नेली आणि घरी येऊन नऊ आप्पे खाल्ले. नऊ!

शुक्रवार, १० जानेवारी

शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “एवढं मोठं पत्र कशाला, मॅडम? नुसतं बोलला असतात तरी—”

“बोललेलं तुम्ही विसराल. उत्तर लेखी हवं. बुधवार, पंधरा तारीख, दुपारी बाराच्या आत.”

पोच घेतली, शिक्क्यासकट.

बाहेर मृणाल टीचर भेटली. कृश मुलगी, हातात वह्यांचा गठ्ठा. “आजी, मला वाटलं की ते... आणि त्या दिवशी उर्वीला मी—”

“वाटण्याआधी चाखून बघावं,” म्हटलं, आणि निघाले. छान जमलं वाक्य! वर्तकनगरला घरापर्यंत रिक्षा न करता चालत आले. गुडघ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या, लोणी, भोगीची भाजी. तृप्त. उर्वी काहीतरी सांगायला स्वयंपाकघरात आली होती. म्हटलं, आधी गरम आहे तोवर खाऊन घे. मग राहूनच गेलं.

बुधवार, १५ जानेवारी

पावणेबाराला शिपाई पाकीट घेऊन आला! पंधरा मिनिटं राखून.

इडली, आप्पे, घावन, आंबोळी, ढोकळा – सगळ्यांना हिरवं कार्ड. यादी आजच फळ्यावर लावली म्हणे. आणि शेवटी एक ओळ – ‘विद्यार्थिनीला उपाशी ठेवल्याबद्दल संबंधित शिक्षिकेकडून वर्ग काढून घेण्यात आला आहे.’ असो. शिस्त म्हणजे शिस्त.

जेवताना पत्र मोठ्याने वाचलं. सिद्धेशने टाळ्या वाजवल्या. “आई, तू वकील व्हायला हवं होतंस!” रंभा फोनवर ओरडली, “माझा ढोकळा पास झाला!” उर्वी पानावरून लवकर उठली. पोट भरलं असेल.

किती दिवसांनी इतकं बरं वाटतंय.

गुरुवार, १६ जानेवारी

आजी, तू भाजी आणायला गेलीयस म्हणून तुझ्या वहीत लिहितेय. मागचं सगळं मी वाचलं.

मी उपाशी नव्हते. टीचरनी त्यांचा डबा मला दिला. दोन पोळ्या आणि मटकीची उसळ. त्यांच्याकडे दोनच पोळ्या होत्या. तू मला विचारलंच नाहीस.

आता त्या ऑफिसात बसून कागद लावतात. आज माझ्याकडे बघून हसल्या, मग मलाच रडू आलं.

शाळेला दुसरं पत्र लिही. खरं खरं लिही. उद्या सकाळी सात वीसला माझी बस येते, त्याच्या आधी ते माझ्या हातात हवं. लेखी.

– उर्वी