एकोणचाळीस अंडी आणि वर्नाचे टोमॅटो

१४ मार्च, सकाळी ७.१०
परसातली मिल्कवीडची एकोणीसही झाडं तपासली. अंडी शून्य. फक्त याच झाडावर अंडी घालणारी मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोहून निघालीत, या आठवड्यात आमच्या टेक्ससात पोहोचतील. बायकोने, वर्नाने, बजावलंय: पाच एप्रिलपर्यंत अंडी दिसली तर झाडं राहतील, नाहीतर तिथे टोमॅटो. रोपं तयार आहेत, आणि ऊन तापलं की टोमॅटो धरत नाहीत, असं तिचं म्हणणं. वाद घातला नाही. अंडी दिसणारच.

१५ मार्च
मिसेस कोवार काउंटीच्या फुलपाखरू-गणतीसाठी लायब्ररीत अंडी मोजण्याचं प्रशिक्षण देतात. दोन तास, वर खायला कोलाची, पीच भरलेले गोड पाव. गेलो नाही. पुस्तक आणलंय. पंपदुरुस्ती तरी मला कुणी शिकवली होती?

१९ मार्च
शून्य. दोन मोनार्क डोक्यावरून गेली, थांबली नाहीत. दोष पद्धतीचा. कुठलं पान पाहिलं, कुठलं राहिलं, पत्ता लागत नाही. आज बारा पानांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या. टाचणीने, पक्क्या.

२० मार्च, ६.४५
अकरा अंडी! पांढरट, टाचणीच्या डोक्याएवढी, पानाच्या खालच्या अंगाला. सगळी क्रमांकाच्याच पानांवर. शिस्त फुलपाखरांनाही कळते. वर्नाला सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली आणि रोपांना पाणी घालत राहिली.

२१ मार्च
आणखी तीस चिठ्ठ्या.

२२ मार्च
एकूण एकोणचाळीस. बिनक्रमांकाच्या पानांवर एकही नाही. यावर लेख लिहायला हवा. तूर्त गणतीचा अर्ज भरून पाठवला.

२५ मार्च
पुस्तकाप्रमाणे चार दिवसांत अळी. नाही. मुंग्यांनी खाल्ली असणार.

२७ मार्च
अळी नाही. मुंग्या नव्हेत, चिमणी. पाळतीवर खुर्ची टाकून तीन तास बसलो. आली नाही. म्हणजे मला ओळखते.

३० मार्च
अळी नाही. उत्तरेचा वारा. वर्ना रोपं रोज आत-बाहेर करून वैतागलीय. दोन वाकली. त्याचंही खापर माझ्यावर.

२ एप्रिल
मिसेस कोवार स्वतः आल्या. तिसरीला मला शिकवायला होत्या. अख्ख्या काउंटीत मिळून एकतीस अंडी आणि माझ्या एकट्याची एकोणचाळीस, म्हणून बघायला आल्या. सतरा नंबरचं पान उलटलं. भिंगसुद्धा काढलं नाही, सरळ नखाने अंडं खरवडलं. ते चिकटून रबरासारखं ताणलं गेलं.
‘मिल्टन, हा चीक आहे रे. तू टोचलंस तिथे थेंब आला नि वाळला. अंड्याला उभे कंगोरे असतात.’
पुस्तकातलं चित्र लहान होतं, म्हणालो.
‘मग कोलाची खायला तरी यायचं होतंस.’
वर्ना दारात होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

३ एप्रिल
अर्जात दुरुस्ती. ३९ च्या जागी ०. चाळीस मिनिटं लागली.

५ एप्रिल
सतरा झाडं उपटली. खड्डे मी खणले, टोमॅटो तिने लावले. कोपऱ्यातली दोन मिल्कवीड तिने आपण होऊन ठेवली. ‘राहू देत ही. पण तू हात लावायचा नाहीस. कुंपणापासून बघ.’

९ एप्रिल, दुपारी ३.२०
मोनार्क. मादी. कोपऱ्यातल्या झाडावर बसली, पोटाचं टोक पानाखाली वाकवलं, उडाली. मी कुंपणापासून हललो नाही. वर्ना हाताची माती पुसून झाडाशी गेली, भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.
‘एक आहे,’ म्हणाली.
नोंद आजच टपालात टाकली. निरीक्षकाच्या रकान्यात: वर्ना हृष्का. अक्षर माझं.